सुरण, अळकुडी, कोनफळ की कसावा: पहिल्यांदा करताना कोणता कंद घ्यावा?

बटाट्याला सरावलेल्या हाताला बाकीचे कंद जरा परकेच वाटतात. कोणाची साल झाडाच्या खोडासारखी, कोणाच्या अंगावर केस, कोणी कापताच बुळबुळीत. दिसण्यावरून निवड केली तर फसायला होतं. विचारायचे प्रश्न तीनच: खाजेची तयारी आहे का, हाताशी वेळ किती आहे, आणि ताटात शेवटी काय हवंय, रस्सा की कुरकुरीत काप?

खाजेचं आधी बोलू, कारण बहुतेक लोक अडतात तिथेच. सुरण आणि अळकुडी (अरवी) एकाच कुळातले. दोघांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. कंद कापला की ते मोकळे होतात आणि हाताला, घशाला टोचतात. म्हणून या दोन्हींची कच्ची फोड जिभेवर ठेवून बघायची नाही. सोलताना हात कोरडे ठेवा आणि त्यांना तेल चोळा. ओल्या हातांनी खाज जास्त जाणवते.

दोघांत जास्त खाजरा साधारणपणे सुरण, पण जातीजातीत बराच फरक पडतो. त्यावर चिंचेचा उपाय सगळ्यांना माहीत असतो. ती केव्हा घालायची, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. आंबटात भाजी लवकर मऊ होत नाही. फोडी शिजतानाच भरपूर चिंच पडली, तर वरून शिजल्यासारख्या दिसतात आणि आत कच्चट राहतात. कच्चट सुरण म्हणजे घशाची खवखव आलीच. मला पटलेली पद्धत अशी: फोडी अर्धा तास चिंचेच्या पाण्यात ठेवायच्या, ते पाणी फेकायचं, मग मिठाच्या साध्या पाण्यात अगदी मऊ होईपर्यंत उकडायच्या आणि तेही पाणी ओतून द्यायचं. यानंतर रश्श्यात हवं तेवढं आंबट घाला. फोडीच्या मधोमध सुरी लोण्यात शिरावी तशी गेली पाहिजे. एवढं करूनही शंका वाटली तर नखाएवढा तुकडा चाखायचा, पाच-दहा मिनिटं थांबायचं, आणि मगच भाजी पुढे न्यायची.

अळकुडीचा गुंता वेगळा. खाज सुरणापेक्षा कमी, पण बुळबुळीतपणा फार. ती सालीसकट अख्खी उकडावी. साल मग बोटांनी निघते आणि सोलतानाचा खाजेचा प्रश्नही बराच मिटतो. कुकरमध्ये एक शिट्टी जास्त झाली तर गिच्च गोळा होतो, म्हणून सारख्या आकाराच्या, लहान अळकुड्या निवडाव्यात आणि किंचित कमीच उकडाव्यात. उकडल्यावर पूर्ण गार होऊ द्या. गरम असतानाच कापली तर सुरीला चिकटून चिंध्या होतात. गार झालेल्या अळकुड्या तळव्याने दाबून चपट्या करा आणि पसरट तव्यावर जास्त तेलात, झाकण न ठेवता, खरपूस परता. झाकण ठेवलं की वाफ धरते आणि बुळबुळीतपणा परत येतो. काठ कुरकुरीत, पोट मऊ, हे तिच्याइतकं छान सुरणाला जमत नाही. उलट मसाल्याच्या दाट रश्श्यात फोड शाबूत राहायला हवी असेल तर सुरणच घ्यावा.

कोनफळ या दोघांच्या कुळातलं नाही. सोलताना चीक लागून काहींच्या हाताला थोडी चुणचुण होते, आणि तेही कच्चं खायचं नसतंच. पण एकदा शिजलं की बटाट्याइतकं निमूट वागतं. साल जाड असते, ती सढळ हाताने काढावी. फोडी लगेच पाण्यात टाकाव्यात, नाहीतर काळवंडतात. आत जांभळं निघालं तर एक गंमत बघायला मिळते: लिंबू पिळलं की रंग गुलाबीकडे झुकतो, चिमूटभर सोडा पडला तर निळसर-हिरवट होतो. जांभळा पदार्थ पाहुण्यांसमोर ठेवायचा असेल तर सोड्यापासून लांब राहा. नवख्या माणसाने सुरुवात कोनफळापासून करावी, असं मला वाटतं.

कसावा, म्हणजे साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, चवीला निरुपद्रवी वाटतो. पण चौघांत सर्वात जास्त जपायला लागतं ते यालाच. त्यातल्या काही द्रव्यांपासून सायनाइड तयार होतं. गोड जातींत ते कमी असतं, कडू जातींत इतकं की घरगुती उकडण्यावर भागत नाही. गोड कसाव्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकातली मर्यादा किलोमागे 50 मिलिग्रॅमच्या खाली आहे. घरी हे मोजता येत नाही, म्हणून जात माहीत नसलेला किंवा चवीला कडू लागणारा कंद सरळ टाकून द्यावा. गोड जातीचाही कधी कच्चा खाऊ नये. बाहेरची तपकिरी साल आणि तिच्या आतला जाड पापुद्रा, दोन्ही काढा. लहान तुकडे करून भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता उकडा आणि पाणी फेकून द्या. मधला दोरीसारखा धागा ओढून काढा. इथे कुकर नको. शिवाय काढणीनंतर दोन-तीन दिवसांतच कसावा बिघडू लागतो. कापल्यावर आत निळसर-काळ्या रेघा दिसल्या तर त्याच्या नादी लागू नका. इतका खटाटोप कशासाठी? उकडून मग तळलेले काप बाहेरून कडक आणि आतून पिठूळ होतात, म्हणून. पण ताजा आणि खात्रीचा मिळत असेल तरच.

घाईत असलेल्यांसाठी शलगम. खाज नाही, चिकटपणा नाही, फोडी चटकन शिजतात. मात्र जास्त उकळला की उग्र वास सुटतो, आणि मोठा, जून शलगम कडवट लागतो. मुठीपेक्षा लहान, वजनाला जड असे घ्यावेत.

घरात कोणाला मूतखड्याचा त्रास असेल तर चवीआधी हा प्रश्न येतो. सुरण आणि अळकुडी खायची की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पाण्यात विरघळणारं ऑक्झलेट उकडून पाणी फेकल्याने काही प्रमाणात कमी होतं, नुसतं भाजून किंवा तळून ते जात नाही. म्हणजे अशा घरात थेट तळलेल्या कुरकुरीत कापांचा बेत करायचा तर तो या दोघांचा नको.