स्टोव्हखालच्या पॅडमध्ये एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड, घालून दिला

घरात पेलेट स्टोव्ह, म्हणजे लाकडी भुशाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी, असेल तर हे वाचाच. आमचं घर ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात; जुनं, वरच्या मजल्याची जमीन लाकडी. जानेवारीत इथे पारा ५ अंशांच्याही खाली घसरतो, म्हणून भाऊजींनी हौसेनं स्टोव्ह आणलेला. त्याच्याखालच्या पॅडच्या टाइल तडकल्या आणि दिवाळीनंतर आम्ही पॅड बदलायला दिला.

दुकानदार बोलायला गोड. कॅल्शियम सिलिकेट बोर्डाचे दोन थर, वर टाइल, चारी बाजूंनी स्टीलची पट्टी. "माताजी, पूरा फायरप्रूफ है, आग लगा के देख लो!" भावही त्याच मालाचा लावला. पॅड आला तो मात्र तयार होऊन, पट्टी बसवलेली. आत काय आहे ते दिसायची सोयच नाही.

स्टोव्ह पेटवला की तासाभरानं वास सुटायचा, करवतीखाली प्लाय तापतो तसा. फोन केला तर म्हणे, नवीन रंगाचा वास आहे, जाईल. नवा स्टोव्ह पहिल्यांदा तापताना त्याच्या रंगाचा वास येतो, हे खरं. पण आमचा स्टोव्ह जुना, नवीन होता तो फक्त पॅड! स्टोव्ह गार झाल्यावर ह्यांनी पट्टीचे स्क्रू काढले. कडेला पांढरा रंग फासलेला. किल्लीनं खरवडलं, तर खालून तपकिरी भुसा. चक्क एमडीएफ.

जाब विचारला तर उत्तर काय, "टाइल कभी जलती है क्या?" टाइल नाही जळत, पण उष्णता खाली जाऊ देते. आणि लाकूड वर्षानुवर्षं तापत राहिलं की आतून कोळपत जातं, मग ताज्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेतं. काही स्टोव्हना खाली नुसता ठिणग्यांपासून बचाव पुरतो, काहींना उष्णतारोधक थरही लागतो. ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. आमच्या स्टोव्हला थर लागतो, आणि ते पान ह्या गृहस्थांना आधीच दाखवलं होतं.

बिलावर लिहिलंय 'स्टोव्ह पॅड, १ नग'. मालाचं नाव नाही, जाडी नाही, त्यामुळे त्याला हात झटकायला मोकळीक. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली तेव्हा कुठे निम्मे पैसे सुटले. बाकीच्यांचं अजून "देखते हैं" चाललंय.

नवा पॅड दुसऱ्या मिस्त्रीकडून घरीच करून घेतला. बोर्ड समोर कापला, भुगा पांढरा पडला. एक तुकडा गॅसवर धरून पाहिला, पेटला नाही. बोर्डाचं नाव आणि जाडी बिलावर आल्यावरच पैसे दिले. तुम्ही असा तयार पॅड घेतला असेल, तर आजच एका बाजूची पट्टी काढा आणि कड खरवडून बघा. तपकिरी भुसा निघाला तर स्टोव्ह पेटवू नका.