फसलेल्या कामासाठी वही: लॉइश्टटुर्म १९१७, ए५ आकार

काम फसलं की पहिला हात जातो तो पान फाडायला. मसुदा जमला नाही, आराखडा नाकारला गेला, चाल अर्ध्यावर अडली. कागद चुरगळून टाकला की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. दोन महिन्यांनी तीच अडचण पुन्हा दारात उभी राहते आणि गेल्या खेपेला नेमकं कुठे घोडं अडलं होतं ते काही केल्या आठवत नाही. म्हणून इथे लॉइश्टटुर्म १९१७ या जर्मन कंपनीच्या वहीकडे फक्त एकाच बाजूने पाहिलं आहे: फसलेलं काम सांभाळून ठेवायला आणि नंतर सापडायला ती किती उपयोगी पडते?

आधी वस्तू. पुठ्ठ्याची पक्की बांधणी, २५१ छापील क्रमांकांची पानं, दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा आम्लविरहित कागद, सुरुवातीला कोरी अनुक्रमणिका, दोन फिती, मागे कागद ठेवायला खिसा, बंद करायला इलॅस्टिक. रेघांची, चौकटींची, ठिपक्यांची आणि कोरी अशा चारही तऱ्हा मिळतात. लिखाण आणि आकृती दोन्ही लागत असेल तर ठिपक्यांची घ्या.

खरी किंमत आहे ती शिवणीत. कागद दुमडून त्यांच्या जुड्या केलेल्या असतात आणि प्रत्येक जुडी घडीवर दोऱ्याने शिवलेली असते. त्यामुळे वही टेबलावर सपाट उघडते, आणि एक पान ओढून काढलं तर त्याच कागदाचं दुसरं टोक, म्हणजे जुडीतलं पलीकडचं पान, सैल होतं. तारेच्या वहीत पान टर्रकन निघतं, कुणाला कळतही नाही. इथे फाडणं महागात पडतं, आणि या कामासाठी तेच हवं. शेवटची ८ पानं मात्र छिद्रांच्या रेघेवर अलगद निघतात. नकार आल्याच्या दिवशीचा संताप त्या पानांवर काढावा आणि टाकून द्यावा.

नवी वही थेट मधोमध उघडून दाबू नका. पाठीवरचा गोंद तडकतो. पाठ टेबलावर टेकवून वही उभी धरा, दोन्ही पुठ्ठे आडवे करा, मग एकदा डावीकडची पाच-सहा पानं, एकदा उजवीकडची, असं करत अंगठ्याने घडीजवळ हलकेच दाबत मध्यापर्यंत या. पाच मिनिटांचं काम, पण पुढे वही महिनोन् महिने मुकाट सपाट पडून राहते.

आता वापर. समोरासमोरची दोन पानं म्हणजे एक नोंद. डाव्या पानावर तारीख, काय करायला घेतलं, काय होईल असं वाटलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, एवढंच. ‘मला जमतच नाही’ हे वाक्य तिथे चालणार नाही. ‘तिसऱ्या परिच्छेदात निवेदक बदलला आणि वाचणाऱ्याला धागा सापडेना’ हे चालेल. पहिल्या वाक्यावर काहीच करता येत नाही, दुसऱ्यावर उद्या सकाळी बसता येतं. उजवं पान कोरं सोडा. सात दिवसांनी वेगळ्या रंगाच्या शाईने तिथे लिहा: पुढच्या खेपेला कोणती एकच गोष्ट बदलायची? एकच, कारण तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. आठवड्याला पाच नोंदी धरल्या तर वही जेमतेम सहा महिने पुरते.

अनुक्रमणिका मात्र बहुतेकांची कोरीच राहते आणि तिथेच सगळं बिघडतं. ती तारखेने भरू नका, अडचणीच्या नावाने भरा: ‘शेवट लांबतो’, ‘सुरुवात होत नाही’, ‘अंदाजापेक्षा वेळ जास्त’. त्यापुढे पानांचे आकडे वाढवत जा. एखाद्या नावापुढे १४, ३८, ५२, ९० असे चार आकडे जमले की तो नशिबाचा खेळ उरत नाही. ती कामाची सवय आहे आणि सवयीवर इलाज करता येतो. एक फीत चालू पानावर ठेवा, दुसरी सात दिवस पुरे होण्याची वाट पाहणाऱ्या सर्वांत जुन्या नोंदीवर.

क्रमांकांचं बळ पाहायचं तर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेकडे पाहावं. तरुणपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला हा माणूस प्रयोगांच्या नोंदींना ओळीने क्रमांक देत गेला. ते १६,००० च्या पुढे गेले. चुंबकत्वापासून वीज मिळवायची, हे त्याने १८२२ मध्ये टिपून ठेवलं होतं. ते साधलं २९ ऑगस्ट १८३१ रोजी. मधले फसलेले प्रयत्नही नोंदींत आहेत. १२ मार्च १८६२ रोजी त्याने चुंबकाचा प्रकाशाच्या वर्णपटावर काही परिणाम होतो का ते पाहिलं आणि काहीच दिसलं नाही असं लिहून ठेवलं. फॅरडेने हा प्रयत्न केला होता हे पुढे भौतिकशास्त्रज्ञ पीटर झेमनच्या वाचनात आलं. त्याने अधिक चांगल्या उपकरणांनिशी तोच प्रश्न पुन्हा हातात घेतला आणि १८९६ मध्ये परिणाम सापडला. ‘काही दिसलं नाही’ या नोंदीचं मोल एवढं असू शकतं.

कागदाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ८० ग्रॅमच्या कागदावर मागच्या पानाची अक्षरं फिकट दिसतात, आणि दोन्ही बाजू वापरणाऱ्या या पद्धतीत ते खटकतं. बारीक निबाचं शाईपेन किंवा ०.५ मिलिमीटरचं जेल पेन चालतं; रुंद, ओलं उतरणारं निब आणि मार्कर टाळा. डावखुऱ्यांनी जेलची शाई वाळू द्यावी, नाहीतर तळहाताने ओळ पुसली जाते. ज्यांना जाड निबच हवं त्यांच्यासाठी १२० ग्रॅमची आवृत्ती आहे. तिच्यात पानं २०३ आहेत, म्हणजे वही लवकर संपेल. चित्र काढणाऱ्यांनी जलरंगासाठी दोन्हींचा विचार सोडावा, कागद लहरी घेतो.

मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल लिहिताना एक काळजी घ्या. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं दुःखद अनुभवांविषयी लिहिलं. पुढच्या महिन्यांत, घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी राहिल्या. पण लिहून झाल्याबरोबर मन आधीपेक्षा जड झालं होतं. म्हणून असं लिखाण महत्त्वाच्या बैठकीच्या तोंडावर किंवा दिवा मालवायच्या आधी करू नये. नंतरचा अर्धा तास मोकळा ठेवावा. लिहिताना सोसवेनासं झालं तर थांबावं.

कुणी घेऊ नये? ज्यांना फक्त रोजच्या कामांची यादी हवी, त्यांना कुठलीही साधी वही पुरते. सुंदर अक्षराचा मोह असणाऱ्यांनी पहिलं पान मुद्दाम खाडाखोड करून भरावं, नाहीतर इतक्या देखण्या वहीची भीती वाटते आणि ती महिनाभर कोरी राहते.

वहीबरोबर पुठ्ठ्यावर आणि पाठीवर लावायच्या चिकटपट्ट्या येतात. पाठीवर खंडाचा क्रमांक आणि सुरुवातीची तारीख घाला. संपत आली की उजवी बाजू अजून कोरी असलेल्या नोंदी शोधून नव्या वहीच्या अनुक्रमणिकेत जुना खंड आणि पान यांसकट उतरवा, उदाहरणार्थ ‘खंड १, पान १८६’, आणि मगच जुनी वही फळीवर ठेवा.