चौदाशेची रॅम आणि धडधाकट मदरबोर्ड

2023 च्या जुलैत एक रुपयात पीक विमा पहिल्यांदा आला आणि माझ्या ऑनलाइन अर्ज भरायच्या केंद्रापुढं सकाळी सातपासून रांग लागायला लागली. दारव्ह्याच्या पुढं आमचं गाव. केंद्र म्हणजे घराचीच ओसरी, आणि तिच्यात मी स्वतः जोडलेला डेस्कटॉप: रायझन 5 5600जी प्रोसेसर, बी450 चा मदरबोर्ड (बाकीचे भाग ज्यावर बसतात तो), 8 जीबीची एक रॅम (चालू काम धरून ठेवणारी मेमरी). सगळं सामान नागपूरला बर्डीवरून पक्क्या बिलावर आणलेलं. दीड वर्षात कुरकुर नाही.

विम्याचं पोर्टल, सातबारा, आधार, पासबुक असे दहा-पंधरा टॅब उघडे राहू लागले तशी 8 जीबी कमी पडली. नागपूरला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. म्हणून तालुक्याच्या एका दुकानातून (दुकानाचं नाव लिहीत नाही, तालुक्याचंही नाही) आणखी 8 जीबी घेतली. 1,400 रुपये. "पक्कं बिल पाह्यजे असन तं 18 टक्के जीएसटी वरून लागन भाऊ. कायले उगाच?" मीही म्हटलं, खरंच, कायले. त्यानं चिटोऱ्यावर 'रॅम 1400' लिहून दिलं. अडीचशे रुपये वाचले म्हणून मी बसस्टँडवर भजी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी मशीन मध्येच बंद पडून निळा पडदा आला.

आमच्याकडं काहीही बिघडलं की पहिला आरोपी लाइट. मीही लाइटलाच धरलं आणि यूपीएसची बॅटरी बदलली. पडदा येतच राहिला. दर वेळी कारण मात्र नवं: कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी पेज फॉल्ट, कधी आयआरक्यूएल. रोज वेगळी तक्रार दिसली की आधी रॅमवर संशय घ्यायचा, हे मला आज कळतं. तेव्हा मी दोनदा विंडोज टाकून बसलो.

निळा पडदा निदान ओरडून सांगतो तरी. खरा वैताग होता तो गुपचूप होणाऱ्या नुकसानाचा. रॅम खराब असली की तिच्यातून जाणारी फाइलही बिघडू शकते, आणि मशीन तुम्हाला काहीच सांगत नाही. एका काकाजींना सातबारा पेनड्राइव्हवर दिला, तो बँकेत उघडलाच नाही. परत आले, पुन्हा दिला, पुन्हा गेले. "तुह्या डब्ब्यानं माहा दिवस खाल्ला ना बावा," एवढंच म्हणाले. पैसे द्यायला लागले तर मी घेतले नाहीत.

31 जुलै, विम्याची शेवटची तारीख, तोंडावर. कॅबिनेट मोटारसायकलवर बांधून त्याच दुकानात नेलं. मिस्तरीनं बाजूचा पत्रा काढला, आत फुंकर मारली, एकदा चालू-बंद केलं आणि निकाल दिला, "बोर्ड गेला भाऊ. रॅमचा स्लॉटच मेला." एक रॅम काढून पाहिली नाही, दुसऱ्या स्लॉटात लावली नाही. नवा बोर्ड 5,800. जुना भंगारात 400 ला तिथंच ठेवून घेतला. मला घाई होती आणि त्याला ती दिसत होती. रोख दिले.

दुकानात मशीन झकास चालू झालं. "सोळा जीबी दिसते ना?" दिसत होती. पण सोळा दिसणं वेगळं आणि सोळा धड असणं वेगळं. विंडोज नुसती उघडून ठेवली तर मेमरीचा बराच भाग रिकामाच असतो. बिघडलेल्या जागेवर कामच पडत नाही. घरी आलो, पंधरा टॅब उघडले, आणि पुन्हा तेच. फोन केला तर म्हणे, "मंग पॉवर सप्लाय असन. घेऊन या." तेव्हा कुठं माझं डोकं ठिकाणावर आलं.

अमरावतीला पॉलिटेक्निकला असलेल्या भाच्याला विचारलं. त्याचा पहिलाच प्रश्न, "मामा, रॅम तपासली का?" त्यानं रॅम तपासायचं मेमटेस्ट86+ सांगितलं. फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालतं, विंडोज लागत नाही. आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगानं चालवायची सोय, बंद करायला लावलं, कारण जास्त वेगानं चालवली तर चांगली रॅमही कधी चुका दाखवते. दोन्ही रॅम लावून सुरू केलं. पाच मिनिटांत लाल ओळी. मग मशीन बंद, प्लग बाहेर, एक रॅम काढली. जुनी एकटी रात्रभर चालवली, शून्य चुका. नवी एकटी त्याच स्लॉटात, लाल. सोनेरी टोकं खोडरबरनं पुसली, तरी लाल. दुसऱ्या स्लॉटात, पुन्हा लाल. म्हणजे दोष रॅमचाच. जुन्या बोर्डाचा स्लॉट मेला नव्हता आणि बोर्डही गेला नव्हता. रॅमची ही अदलाबदल दुकानात अर्ध्या तासात झाली असती.

मग मशीनमधल्या भागांची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड घेतलं. त्यात एसपीडी नावाचा टॅब असतो, तिथं रॅमची जन्मकुंडली दिसते. स्टिकरवर एक नावाजलेली कंपनी आणि वेग 3200. आत कंपनी दुसरीच, वेग 2400, आणि बनवल्याचं साल 2017. स्टिकरचा कोपरा नखानं उचलला तर खाली आणखी एक स्टिकर. वरच्या स्टिकरचा सीरियल नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकला, असा नंबरच नाही. (एसपीडीतली माहितीही बदलता येते, तेव्हा ती जुळली म्हणून माल अस्सल ठरत नाही. माझ्या रॅमवर स्टिकर लावणाऱ्यानं तेवढीही तसदी घेतली नव्हती.)

ती रॅम आणि नवा बोर्ड, दोन्ही घेऊन दुकानात गेलो. मालक म्हणाला, "मी देल्ली तवा चांगली होती. तुमच्याकडं लाइटनं उडाली असन." पुन्हा लाइट! मी म्हटलं, बरं, माझा जुना बोर्ड तरी परत द्या, 400 घ्या. त्यावर मिस्तरी आतून सहज बोलून गेला, "तो त कवाच गेला. एका पोट्ट्याच्या पीसीत बसवला, मस्त चालू हाय."

मालकानं त्याच्याकडं पाहिलं. मी मालकाकडं पाहिलं. मग त्यानं काउंटर पुसायला घेतलं.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. पहिला प्रश्न बिलाचा. पक्कं बिल असतं तर यवतमाळच्या ग्राहक आयोगात पुराव्यानिशी जाता आलं असतं. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. माझे रॅम आणि बोर्ड मिळून 6,800 गेले, यूपीएसची बॅटरी वेगळी. ती बॅटरी कामाला येते म्हणा.

नंतर बर्डीवरून दुसरी रॅम आणली. बिलावर सीरियल नंबर लिहा म्हटलं तर तिथला पोरगा कुरकुरला, पण लिहिला. पहिल्याच रात्री मेमटेस्ट लावून झोपलो. आता कॅबिनेट कुठंही द्यायचं झालं तर आधी आतल्या बोर्डाचा आणि रॅमच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढतो, आणि बदललेला जुना भाग घरी आणतो, भंगार असला तरी.

ती चिठ्ठी अजून गल्ल्यात आहे. परवा भाच्यानं पाहायला मागितली. उलटून-पालटून म्हणाला, "मामा, याच्यावर तर दुकानाचं नावसुद्धा नाही."