हीटरचा होज गळतोय: टोक कापायचे, जोड द्यायचा, बदलायचा की बायपास मारायचा?

पंधरा-वीस वर्षांच्या मारुती ८००, झेन, सँट्रो अशा गाडीत बोनेट उघडल्यावर फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यापाशी, हिरवट ओल दिसली की सल्ल्यांना तोटा नसतो. एक म्हणतो क्लॅम्प आवळ, दुसरा म्हणतो मधे तुकडा घाल, तिसऱ्याचे म्हणणे, ‘आपल्याकडे हीटर लागतो कुणाला, बायपास मार.’ यातला कुठलाच सल्ला सरसकट चुकीचा नाही. गळती नेमकी कुठे आहे आणि रबरात किती जीव उरलाय, यावर उत्तर बदलते.

आधी एक गैरसमज. होज म्हणजे इंजिनातले गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्राव) हीटरकडे नेणारी-आणणारी रबरी नळी. हीटर वर्षानुवर्षे लावला नाही म्हणून तो नवाच राहतो असे नाही. डॅशबोर्डची कळ थंडवर असली तरी बहुतेक गाड्यांत होजमध्ये गरम कूलंट असतेच आणि त्यावर सिस्टीमचा पूर्ण दाब असतो. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. नव्वद अंशांच्या आसपासचे पाणी त्या दाबाने रबरावर आतून जोर देत असते.

इंजिन पूर्ण थंड असताना सर्वात वरची ओली जागा शोधा. कूलंट होजच्या अंगावरून ओघळून भलतीकडेच थेंब पाडते. वाळलेला पांढरा-हिरवा खार खरी जागा सांगतो. मग होज बोटांनी दाबून बघा, आधी मधे आणि मग टोकापासून दोन इंचांवर. बहुतेक होज टोकाजवळ आतून आधी चिरतो. मधे घट्ट आणि टोकाशी लिबलिबीत लागला, दाबल्यावर करकरला किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, तर तो संपला. एका जागी फुगून मऊ झाला असेल तर वरून इंजिन ऑइल गळतेय का तेही पाहा, कारण होज ज्या ईपीडीएम या कृत्रिम रबराचा असतो त्याला तेल सोसत नाही.

गाडीच्या आत डाव्या बाजूचे कार्पेट ओले, गोडसर वास आणि काचेवर तेलकट धुके असेल तर होज नाही, हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, जो आतली हवा गरम करतो) गळतोय. एसीचे पाणीही त्याच बाजूला उतरते, पण त्याला रंग, वास किंवा चिकटपणा नसतो.

टोक कापणे आणि नवा क्लॅम्प

गळती फक्त टोकाशी, बाकी रबर लवचिक आणि होजला थोडी ढील असेल तर हाच पर्याय. टोकाचे २० ते २५ मि.मी. सरळ कापा आणि होज पुन्हा बसवा. खर्च एका क्लॅम्पचा. मात्र कापल्यावर होज ताणून बसत असेल तर नाद सोडा. इंजिन हलते, फायरवॉल हलत नाही, आणि तो ताण शेवटी कोअरच्या नळीवर येतो.

मधे जोड

होज मधे घासून भोक पडले असेल (ब्रॅकेटच्या धारेवर हे नेहमी होते) आणि नवा लगेच मिळत नसेल, तर पितळी जोडनळी चालते. ती दोन्हीकडे किमान २५ मि.मी. आत गेली पाहिजे. प्लॅस्टिकची नळी स्वस्त, पण उष्णतेने ठिसूळ होते. एक गळती काढून दोन नवे सांधे तयार होतात हे विसरू नका. जुनाट रबरावर जोड देणे म्हणजे फाटक्या चादरीला ठिगळ.

होज बदलणे

रबर कडक किंवा लिबलिबीत असेल तर दुसरा विचार नको, आणि दोन्ही होज एकदमच बदला. दोघांचे वय सारखेच असते. प्रश्न उरतो तो कंपनीचा साच्यातला होज घ्यायचा की मीटरवर मिळणारा. सरळ किंवा मोठ्या वळणाच्या मार्गाला मीटरवरचा ईपीडीएम हीटर होज उत्तम. काटकोनी वळण असेल तिथे सरळ होज मुडपतो आणि प्रवाह अडतो, तिथे साच्यातलाच हवा. आतला व्यास बहुधा १६ किंवा १९ मि.मी., पण जुना तुकडा दुकानात घेऊन जाणे बरे. गॅसची नळी किंवा बागेतला पाईप लावू नका. पीव्हीसी या तापमानाला मऊ पडून निसटतो.

काम तासा-दोन तासांचे. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडा, खालून दीड-दोन लिटर कूलंट स्वच्छ भांड्यात काढा. खरी गोम फायरवॉलच्या नळीशी आहे: चिकटलेला होज पक्कडीने पिळून ओढला की कोअरची नळी मुडपते किंवा सांध्यातून सुटते, आणि मग डॅशबोर्ड उतरवायची वेळ येते. त्यापेक्षा होजला ब्लेडने लांबीत चीर द्या, नळीवर चरा उमटणार नाही इतकीच, आणि साल सोलल्यासारखा काढा. नळीवरचा खार बारीक पॉलिश पेपरने साफ करा. नवा होज कूलंटने ओला करून बसवा, ग्रीस नको. क्लॅम्प नळीच्या उंचवट्याच्या मागे, होजच्या टोकापासून चारेक मि.मी. आत हवा. १६ मि.मी.च्या होजचा बाहेरचा व्यास २३-२४ मि.मी. भरतो, त्याला १६-२७ मापाचा क्लॅम्प बसतो. क्लॅम्प त्याच्या पट्टीच्या फटींतून रबर वर येईपर्यंत आवळला तर रबरच कापले जाते.

बायपास

इंजिनकडच्या दोन्ही नळ्या यू आकाराच्या साच्यातल्या होजने एकमेकींना जोडायच्या. नुसती बुचे मारू नका; थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) बंद असताना काही इंजिनांत पाणी याच वाटेने फिरते. कोअरच गळत असेल तर हा पर्याय सर्वात शहाणा, आणि कोकणात किंवा विदर्भात फिरणाऱ्या गाडीला वर्षभर चालून जातो. पण पावसाळ्यात ताम्हिणी-माळशेजला जाणाऱ्याला काचेवरचे धुके घालवायला गरम हवा मिळणार नाही, सगळी भिस्त एसीवर. आणि घाटात तापमानाचा काटा वर चढल्यावर हीटर पूर्ण लावून इंजिनची थोडी उष्णता काढायची सोयही जाते.

स्टॉप-लीकची, म्हणजे कूलंटमध्ये टाकून गळती बुजवायची, पूड किंवा द्राव होजसाठी आणूच नका. रेडिएटरच्या धातूतले बारीक छिद्र त्याने कधी बुजते, पण हलणाऱ्या रबरावर टिकत नाही, उलट कोअरच्या अरुंद नळ्यांत जाऊन बसते. एमसीलही तसेच, कडक होऊन सुटते. रस्त्यातच होज फुटला तर सिलिकॉनची स्वतःला चिकटणारी टेप कोरड्या होजवर ताणून, दोन्हीकडे पाच सें.मी. जास्त गुंडाळा आणि काट्यावर नजर ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंतच जा.

काहीही केले तरी शेवटी हवा काढावीच लागते. गाडीचे नाक चढावर, झाकण उघडे, हीटरची कळ पूर्ण गरमवर. ५०:५० कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरून इंजिन चालू करा. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा, मग झाकण लावून पंखा दोनदा चालू-बंद होऊ द्या. हीटरची कळ गरमवर असूनही केबिनमध्ये थंड हवा आली तर कोअरमध्ये हवा अडकलीय. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी बघा आणि क्लॅम्प लागला तर पाव फेरा आवळा. सांडलेले कूलंट लगेच भरपूर पाण्याने धुवा. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि कुत्र्या-मांजरांना थोडेसेही जीवघेणे ठरते.