बिल राफ्टरींची कॉमेंटरी : खान्देशातल्या बास्केटबॉल कोचला कितपत कामाची?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेज संघांना व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट नसतो. बहुतेक ठिकाणी सहायक कोचही नसतो. क्रीडा संचालक सर एकटेच सराव घेतात, तेच संघ निवडतात आणि विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेत बेंचवरही तेच बसतात. समोरच्या संघाने मध्येच बचाव बदलला तर तो ओळखून सांगणारा दुसरा माणूस शेजारी नसतो. अशा सरांसाठी आणि त्यांच्या पॉइंट गार्डसाठी (चाल चालवणाऱ्या खेळाडूसाठी) अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची कॉमेंटरी ही फुकटची उत्तम शिकवणी आहे. मात्र कॉमेंटेटर पारखून घ्यावा लागतो, आणि पहिलं नाव घ्यायचं ते बिल राफ्टरींचं.

राफ्टरी १९७० ते १९८१ या काळात न्यू जर्सीतल्या सीटन हॉल विद्यापीठाचे मुख्य कोच होते. तिथून ते थेट टीव्हीकडे वळले आणि आज ऐंशी ओलांडूनही माइकवर आहेत. एनसीएए ही अमेरिकन कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा; तिच्या फायनल फोरला, म्हणजे उपांत्य आणि अंतिम सामन्यांना, २०१५ पासून टीव्हीच्या मुख्य कॉमेंटरी चमूत ते आहेत. आधी जिम नॅन्ट्झ आणि आता इयन ईगल हे मुख्य निवेदक, सोबत ग्रँट हिल. त्यांच्या आरोळ्या प्रसिद्ध आहेत. १९८८ च्या जानेवारीत पिट्सबर्गच्या जेरोम लेनने डंक मारून (उडी घेऊन बॉल वरून रिंगमध्ये आपटून) काचेचा बोर्डच फोडला, तेव्हाची त्यांची आरोळी अजूनही लोक ऐकवतात. शिकणाऱ्याच्या कामाची गोष्ट मात्र वेगळी आहे.

सामना सुरू होऊन पहिला बचाव उभा राहिला की राफ्टरी ओरडून सांगतात : मॅन-टू-मॅन! (प्रत्येकाने आपापला खेळाडू धरायचा.) झोन असेल, म्हणजे प्रत्येकाने आपापली जागा राखायची असेल, तर झोन. म्हणजे कोचने पहिल्या दहा सेकंदांत जे ओळखायला हवं, ते आधी. पुढे बॉल कुठे जातोय हे मुख्य निवेदक सांगत असतो, आणि राफ्टरी बॉलपासून लांब काय चाललंय तिकडे नेतात : स्क्रीन (बचावपटूच्या वाटेत उभं राहून केलेली आड) कोणी लावला, मदतीला कोण उशिरा आला, कमकुवत बाजूच्या (बॉल नसलेल्या बाजूच्या) खेळाडूने पाठ का फिरवली. शूटरचे पाय बॉल हातात येण्याआधी जुळले होते की नाही, यावर तर ते वर्षानुवर्षं बोलतात. आपल्याकडची निम्मी मुलं जंप शॉट चुकवतात ती हातामुळे नाही, पायांमुळे. हे राफ्टरींच्या तोंडून चार वेळा ऐकलेला मुलगा सरावात आपोआप खाली बघू लागतो.

वापरायची पद्धत अशी. अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या कॉलेज सामन्यात प्रत्येक हाफमध्ये १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरली की त्यानंतर खेळ थांबताच जाहिरातींचा टाइमआउट होतो. त्यामुळे सामना साधारण चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत आपोआप कापलेला मिळतो. एक तुकडा आधी आवाज बंद करून दाखवा. मुलांना वहीत तीनच गोष्टी लिहायला लावा : बचाव कोणता, सर्वांत कमजोर बचावपटू कोण, आणि पुढच्या चार मिनिटांत तुम्ही काय बदलाल. मग तोच तुकडा आवाजासह लावा. वही आणि राफ्टरी जुळले नाहीत तिथे थांबवून पुन्हा बघा. एका बैठकीला तीन तुकडे पुरे, त्यापुढे मुलं फक्त डंक बघतात.

सुरुवातीला कोणता सामना लावावा? ४ एप्रिल २०१६ ची ह्यूस्टनमधली फायनल, विलानोव्हा विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना. शेवटची पाच मिनिटं दाखवलीत तरी महिनाभराचा अभ्यास होतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या मार्कस पेजने हवेतच हात बदलत तीन गुणांचा शॉट टाकून ७४-७४ अशी बरोबरी केली, तेव्हा घड्याळात ४.७ सेकंद होते. टाइमआउटनंतर बॉल आत देणारा होता विलानोव्हाचा क्रिस जेन्किन्स. त्याने रायन आर्चिडियाकोनोला पास दिला आणि बाहेर उभा न राहता मागोमाग धावला. डॅनियल ओचेफूने मध्यरेषेजवळ स्क्रीनसाठी जागा घेतली. खेळ सुरू होण्याआधी त्यानेच मॉप हातात घेऊन तिथला घाम पुसला होता, कारण तिथे पाय घसरला असता तर सगळी चाल कोसळली असती. आर्चिडियाकोनो बॉल घेऊन पुढे आल्यावर बचावाची नजर त्याच्यावर खिळली, मागून येणारा जेन्किन्स मोकळा राहिला. छोटा पास, शॉट, बझर, ७७-७४. आपल्या सामन्यांत थ्रो-इन देणारा खेळाडू पास टाकून साइडलाइनवरच रेंगाळतो. त्याच्यावर कोणाचंच लक्ष नसतं, म्हणूनच त्याने धावायचं असतं, हे या एका चालीतून पटतं.

आता धोका सांगायला हवा, कारण इथेच घोटाळे होतात. तिकडचे पुरुषांचे कॉलेज नियम आणि आपल्याकडे चालणारे फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे) नियम वेगळे आहेत, आणि राफ्टरी अर्थातच तिकडचेच गृहीत धरून बोलतात. तिकडे २० मिनिटांचे दोन हाफ आणि ३० सेकंदांचं शॉट क्लॉक (शॉट घेण्याची मुदत), आपल्याकडे १० मिनिटांचे चार क्वार्टर आणि २४ सेकंद. मागच्या कोर्टातून पुढे यायला तिकडे १० सेकंद मिळतात, आपल्याकडे ८. त्यांचा संथ, चार-पाच पासचा सेट (ठरवून बसवलेली चाल) तसाच उचलला की आपला शॉट घाईत पडतो. सेट शिकवताना सुरुवातीचा एक पास कापूनच घ्या. बोनस, म्हणजे समोरच्या संघाचे फाउल वाढल्यावर मिळणारे फ्री थ्रो, हाही निराळा : तिकडे हाफमधल्या सातव्या फाउलपासून एक-अधिक-एक (पहिला गेला तरच दुसरा) आणि दहाव्यापासून दोन फ्री थ्रो, आपल्याकडे क्वार्टरमधल्या पाचव्या फाउलपासून सरळ दोन.

टाइमआउटचं तर नीट समजावूनच सांगा. तिकडे बॉल हातात असलेला खेळाडू पडता पडता टाइमआउट मागू शकतो आणि तो मिळतो. फिबात खेळाडूला ते करता येत नाही. मागणी कोचने स्कोअरर टेबलकडे करायची असते आणि ती योग्य संधी आल्यावरच मिळते. टीव्ही बघून आलेली मुलं कोर्टवर हाताने टी करत बसतात आणि बॉल हातचा जातो. विलानोव्हाची ती चालही आपल्याकडे वेगळी आखावी लागेल. शेवटच्या दोन मिनिटांत टाइमआउट घेतला तर फिबात कोचला बॉल पुढच्या कोर्टातल्या थ्रो-इन रेषेवरून सुरू करायची मुभा असते. ४.७ सेकंदांत पूर्ण कोर्ट धावायची गरजच नाही. रिंगला लागून वर उडालेल्या बॉललाही फिबात हात लावता येतो, तिकडे तो रिंगच्या वर असेपर्यंत नाही. उंच सेंटर असलेल्या संघाने एवढं तरी लक्षात ठेवावं.

डिक व्हायटल यांचं नाव राफ्टरींहून मोठं आहे. डेट्रॉइट विद्यापीठाचे कोच, मग एनबीएत डेट्रॉइट पिस्टन्स, तिथून १९७९ मध्ये हकालपट्टी, आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला नव्याने सुरू झालेल्या ईएसपीएन या क्रीडा वाहिनीवर डीपॉल-विस्कॉन्सिन सामन्याची कॉमेंटरी. खेळावर इतकं प्रेम करणारा आवाज दुसरा नाही. गंभीर आजारपणानंतर २०२५ मध्ये ते पुन्हा माइकवर आले, तेव्हा सगळं कॉलेज बास्केटबॉल आनंदलं. पण चाल समजून घ्यायला बसलात तर अडचण होते : समोर पिक अँड रोल (स्क्रीन लावून लगेच बास्केटकडे वळण्याची चाल) चालू असताना ते तिसऱ्याच संघाच्या नव्या पोराबद्दल भरभरून सांगत असतात. लहान मुलांना खेळाची गोडी लावायची असेल तर व्हायटल लावा, बचाव शिकवायचा असेल तर राफ्टरी.

जुन्यांत अल मॅग्वायर जरूर ऐका. १९७७ मध्ये मार्क्वेट विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देऊन त्यांनी कोचिंग सोडलं आणि एनबीसी वाहिनीवर बिली पॅकर यांच्यासोबत बसले. दोघांचं पटत नसे आणि त्यातच मजा आहे : पॅकर चाल फोडून दाखवायचे, मॅग्वायर खेळाडूच्या मनात शिरायचे. १९७९ ची मॅजिक जॉन्सन-लॅरी बर्ड फायनल यूट्यूबवर शोधा. मॅजिकच्या मिशिगन स्टेटच्या मॅच-अप झोनने (जागा राखताना त्या जागेत येणाऱ्या खेळाडूला धरण्याच्या बचावाने) बर्डला २१ पैकी ७ शॉटवर रोखलं. एकाच स्टार खेळाडूवर उभ्या असलेल्या संघाला कसं अडवायचं, याचा यापेक्षा चांगला नमुना सापडणार नाही, आणि असे एकखांबी संघ आपल्या विद्यापीठात दरवर्षी असतात.

२०१६ चे विजेते कोच जे राइट २०२२ मध्ये निवृत्त होऊन सीबीएस वाहिनीच्या स्टुडिओत बसू लागले. ते मोजकं आणि स्वच्छ बोलतात, हाफटाइमचा भाग चुकवू नका.

वेळेचा हिशोब. हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी ७ चा सामना आपल्याकडे पहाटे ५:३० ला लागतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे सरकली की तोच ४:३० ला. ही नेमकी आपल्या सरावाची वेळ, आणि सराव बुडवून सामना बघू नये. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी सिमेंटच्या कोर्टवर पाय ठेवता येत नाही, तो वेळ व्हिडिओला द्या. नेट बेताचं असेल तर ४८०पी पुरतं. ताशी साधारण अर्धा ते पाऊण जीबी जातो, म्हणजे पूर्ण सामना दीड जीबीच्या रोजच्या पॅकमध्ये बसतो. राफ्टरी भरभर बोलतात, आवाज घोगरा आहे. वेग ०.७५ वर ठेवा. आपोआप येणाऱ्या सबटायटलवर विसंबू नका, खेळाडूंची नावं त्यात हमखास चुकतात.

मोबाइलवरून स्थानिक सामने लाइव्ह दाखवणाऱ्या आपल्या मंडळींनीही यातून एवढं उचलावं. कॅमेरा बास्केटच्या मागे न लावता मध्यरेषेसमोर उंचावर लावा, २८ मीटरचं कोर्ट तिथूनच नीट दिसतं. दोघांनी बोला : एकाने स्कोअर, फाउल आणि उरलेली वेळ सांगावी, दुसऱ्याने, शक्यतो कोणा निवृत्त सरांनी, पहिल्याच पझेशनला (बॉल ताब्यात आल्यावर) बचाव कोणता ते सांगावं. माइक कॉलरला लावा आणि त्यावर स्पंजची टोपी असू द्या, नाहीतर उघड्या मैदानावरच्या वाऱ्यात सरांचं एक वाक्यही धड ऐकू येत नाही.