जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्ड गेला: तसाच बसवावा की संच बदलावा?

गेल्या पावसाळ्यात खानापूरचे एक काका गोणपाटात गुंडाळलेला सीपीयू घेऊन माझ्या बेळगावच्या शहापुरातल्या दुकानात आले. लग्नपत्रिका, घरभरणीची निमंत्रणं, पंचायतीचे कन्नड अर्ज, सगळं टायपिंग त्याच मशीनवर. झाकण काढलं तर मदरबोर्डावर प्रोसेसरशेजारचे चार कपॅसिटर, म्हणजे वीज सांभाळणारे छोटे डबे, वरून फुगलेले, एकाच्या बुडाशी तपकिरी खपली धरलेली. "नवा बोर्ड टाक बाबा आणि दे," काका म्हणाले. पण नवा म्हणजे कुठला, हाच तर प्रश्न असतो.

त्याआधी बोर्डच गेलाय ना, याची खात्री करा. जांबोटी-लोंढ्याकडच्या ओलीत रॅमच्या पट्टीवर थर चढतो. पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही. पट्टी काढून खोडरबराने पुसा, दोन हजार बत्तीस नंबरचा बटन सेल बदला, दुसरा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) लावून बघा. एवढ्यावर चालू झालेली कितीतरी मशीनं मी परत पाठवली आहेत.

काकांचं मशीन तिसऱ्या पिढीच्या आय-३ चं, २०१२ च्या सुमाराचं. त्याचं सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, ११५५. या सॉकेटचे एच-६१ बोर्ड (हे नाव बोर्डावरच्या मुख्य चिपचं, म्हणजे चिपसेटचं) आजही नवे मिळतात, साधारण दोन-अडीच हजारांच्या घरात. जुना प्रोसेसर, जुनी डीडीआर-३ रॅम, कॅबिनेट, सगळं तसंच राहतं. हार्डडिस्क लावली की बहुतेक वेळा विंडोज ७ सुद्धा जशीच्या तशी उठते. फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) साटाचा, म्हणजे हार्डडिस्कच्या जोडणीचा, मोड आधी आयडीई होता की एएचसीआय, तोच ठेवायचा, नाहीतर निळा पडदा येतो.

दुसरा रस्ता म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही नवं. समजा, एच-६१० बोर्डावर बाराव्या पिढीचा आय-३ १२१००. वेगाची तुलनाच नको: जुन्या आय-३ मध्ये दोन कोअर, यात चार, आणि प्रत्येक कोअर कितीतरी चपळ. एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी वेगवान डिस्क) बसते, विंडोज ११ रीतसर चालते. विंडोज १० चा मोफत आधार (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणून ज्याचं काम बँकेच्या साइट, जीएसटी, ऑनलाइन अर्ज यांवर आहे, त्याने जुन्या सॉकेटवर पैसे घालू नयेत असं मी ठामपणे सांगतो.

खर्च मात्र तिथेच थांबत नाही. डीडीआर-३ ची खाच वेगळी, ती रॅम बसतच नाही. एच-६१० सुद्धा काही डीडीआर-४ चे, काही डीडीआर-५ चे. बोर्ड बघूनच रॅम घ्या. प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड नसेल तर पडदा काळाच राहील. एसएमपीएस नवाच लावा. आपल्याकडची वीज दिवसभर खालीवर होते, दहा वर्षं ती झेललेल्या एसएमपीएसवर नवा बोर्ड टांगणं मला पटत नाही. मशीनबरोबर आलेली विंडोज जुन्या बोर्डाशी बांधलेली असते, तिचाही खर्च धरा.

आता काकांची खरी अडचण. त्यांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर श्री-लिपी जुनं, त्याचं लॉक (ते चालायला लागणारी छोटी किल्ली) मागच्या पॅरलल पोर्टात, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टात, खोचलेलं. पान मांडायच्या पेजमेकरमध्ये बारा वर्षांच्या पत्रिका, सगळ्या जुन्या फाँटमधल्या. युनिकोडवर, म्हणजे आजच्या सर्वमान्य फाँटवर, नेल्या की जोडाक्षरं फुटतात, आणि 'श्री गजानन प्रसन्न' चुकलेलं कुणाला चालेल? हे सगळं विंडोज ७ वर चालतं, आणि बाराव्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सला विंडोज ७ चा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) नाही. यूएसबीची पॅरलल केबल प्रिंटरला चालते, लॉकला सहसा नाही. मी त्यांना एच-६१ च दिला, पॅरलल पोर्ट आहे हे बघून, सोबत नवा एसएमपीएस आणि साधी साटा एसएसडी. या बोर्डावर एसएसडी निम्म्या वेगाने चालते, तरी हार्डडिस्कपुढे फरक लख्ख जाणवतो. ते मशीन नेटला जोडू नका, हेही बजावलं.

कपॅसिटर बदलून जुनाच बोर्ड जगवता येतो, खर्चही कमी. पण चिपसेट तापत असेल तर नाद सोडा. डेल, एचपीसारख्या तयार मशीनमध्ये बऱ्याचदा पॉवरची पिन आणि स्क्रूच्या जागा वेगळ्या, बाजारातला बोर्ड बसत नाही. तिथे त्याच मॉडेलचा जुना बोर्ड शोधण्यापेक्षा आठव्या पिढीचं वापरलेलं ऑफिस मशीन घेतलेलं बरं.

आणि कुठल्याही दुकानात जाताना सॉकेटचा नंबर, रॅमच्या पट्टीवरचं लेबल आणि मागच्या पोर्टांचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा. निपाणीहून कोल्हापूर गाठा नाहीतर बेळगावला या, चुकीचा बोर्ड बदलायला दुसरा दिवस मोडतो.