आधी कोण बघू: देझी आर्नाझ की सईद जाफरी?

परमुलखात जाऊन तिथल्या टीव्हीवर घरोघरी पोचलेला नट निवांत बघायचा असेल, तर मी दोन नावं सुचवेन. मागच्या पावसाळ्यात पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा दोघांना आळीपाळीने बघितलं.

कर्तबगारी मोजली तर देझीपुढे कोणी टिकायचं नाही. क्यूबातल्या सँटियागोच्या महापौराचा मुलगा. १९३३च्या उठावात घरदार गेलं आणि स्वारी मायामीत येऊन पडली. काँगा ढोल बडवत बँडवाला झाला आणि १९५१ साली बायको ल्युसिल बॉलबरोबर 'आय लव्ह ल्युसी' ही विनोदी टीव्ही मालिका घेऊन आला. सीबीएस या अमेरिकन टीव्ही कंपनीवाल्यांना असा क्यूबन उच्चारांचा नवरा नको होता, म्हणून दोघांनी आधी गावोगाव स्टेजवर जोडीने कामं करून दाखवली. पण खरी हुशारी पुढेच. मालिका फिल्मवर, तीन कॅमेऱ्यांनी, प्रेक्षकांसमोर घ्यायची. वाढलेल्या खर्चापोटी आपलं मानधन कमी करायचं आणि बदल्यात फिल्मची मालकी ठेवून घ्यायची. जुने भाग पुन्हा दाखवण्यात किती पैसा आहे, हे तेव्हा फारसं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. १९५७मध्ये गड्याने हॉलिवूडचा आरकेओ हा सिनेमा स्टुडिओच विकत घेतला. नवराबायकोची पहिली भेट तिथल्याच सिनेमाच्या वेळची!

जाफरींनी असलं काही केलं नाही. पंजाबातल्या मालेरकोटलाचा जन्म, दिल्लीत रेडिओ, अमेरिकेत नाटकाचं शिक्षण, मग लंडन. तिथल्या टीव्हीवर मिळेल ते काम. 'ज्युएल इन द क्राउन'मधला नवाब, 'तंदूरी नाइट्स'मधला हॉटेलमालक, सत्तरीला टेकल्यावर 'कोरोनेशन स्ट्रीट'. त्यांची अडचण म्हणजे सगळं तुकड्यातुकड्यांत. बऱ्याचदा दोन प्रसंग करतात आणि गायब. रिमोट घेऊन त्यांना शोधत बसावं लागतं. देझी कसा, भाग लावला की हजर.

तरी माझं घोडं देझीपाशीच अडलं. 'ल्युसी'त देझीने केलेला नवरा रिकी चिडला की तोंडाचा पट्टा स्पॅनिशमध्ये सुटतो. खाली सबटायटल येतं, 'स्पॅनिशमध्ये बोलतो'. संपलं. प्रेक्षक खो खो हसतात. सुरुवातीला मीही हसलो. पुढे मात्र मागे जाऊन जाऊन ऐकायला लागलो, स्पॅनिशचं एक अक्षर येत नसताना. माणूस स्वतःच्या घरात पोटतिडकीने काहीतरी सांगतोय आणि काय सांगतोय याच्याशी कोणाला घेणंदेणं नाही. आमच्या वाड्यातल्या कानडी आजी चिडल्या की अशाच कानडीत सुरू व्हायच्या. आम्ही पोरं हसायचो, पण निदान आई तरी विचारायची, "काय झालं हो आजी?" रिकीला कोणी विचारत नाही. त्याच्या उच्चारांची नक्कल फक्त ल्युसीने करायची असा दंडक होता म्हणे. असेल. पण एकदा खटकलं की प्रत्येक भागात तेवढंच दिसतं. कदाचित माझाच दोष असेल, प्लास्टरमधला माणूस चिडका असतो.

जाफरींच्या बाबतीत हे झालं नाही. 'माय ब्युटिफुल लाँड्रेट'मधला त्यांचा पाकिस्तानी धंदेवाला नासिर इंग्रजी अशी वापरतो, जशी काही वडिलोपार्जित इस्टेट. आणि हाच लंडनकर सई परांजपेंच्या 'चश्मे बद्दूर'मध्ये उधारीला वैतागलेला पानवाला लल्लन मियां होतो, तेव्हा तो तुमच्या-आमच्या नाक्यावरचा वाटतो.

घरात पोरंसोरं असतील, जेवताना काहीतरी हलकंफुलकं हवं असेल, तर खुशाल देझी लावा. एकटे असाल तर मात्र 'शतरंज के खिलाडी'. त्यात मीरसाहेब घरी येतात आणि बायकोच्या खोलीत पलंगाखाली तिचा यार सापडतो. फौजेत भरती करतील म्हणून लपलोय, अशी थाप तो मारतो. ती थाप हळूहळू पटत जाताना जाफरींच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी तीनदा मागे नेऊन बघितलं. तिथे सबटायटल लागलं नाही.